चार कप्प्यांच्या फुग्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा टोप्या घडवणे, राहणार दुकानाच्या माडीवर, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवते. लिहिताना मी शुद्धीवर आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि कोणाचा धाक, दबाव किंवा गोड बोलणं माझ्यावर चाललेलं नाही. गोड बोलणं चाललं नाही म्हणूनच गोष्ट या कागदापर्यंत आली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं सांगून कोणी दुसरा कागद पुढे केला, तर तो खोटा समजावा.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी मागायला गेले नव्हते. माझा पुतण्या, म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा, गेल्या महिन्यात 'काकू, सहज तब्येत दाखवून घेऊ' म्हणत एका डॉक्टरांना दुकानात घेऊन आला. मी टोपीला वाफ देत होते. डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारलं, "आज वार कोणता, आजी?"

"मंगळवार. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणजे तुम्हाला उद्या यायला हरकत नव्हती, काल आला असता तर परत जावं लागलं असतं."

"तुमच्या जवळचं कोण आहे?"

"नात्याने हा." मी पुतण्याकडे बोट केलं. "तुम्हाला कशासाठी आणलंय, ते सांगितलं का त्याने?"

डॉक्टरांनी पुतण्याकडे पाहिलं. "विसरायला होतं म्हणाले. एकट्या असता, वस्तू भलत्याच माणसांना देऊन टाकायला निघाला आहात, असंही म्हणाले."

"भलत्याच नाही. ज्यांना द्यायच्या त्यांनाच देते आहे. ते त्याला खुपतंय."

डॉक्टरांनी पुतण्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि माझ्याशी बराच वेळ बोलले. जाताना दाखला लिहून त्यांनी माझ्या हातात दिला, त्याच्या नाही. त्यांची फी पुतण्याने आधीच भरली होती. त्याबद्दल मी या मृत्युपत्राद्वारे त्याचे आभार मानते. याखेरीज त्याला माझ्याकडून जे मिळणार आहे, ते पुढे सातव्या कलमात लिहिलं आहे.

एक. दुकान. ज्या जागेत मी धंदा करते ती जागा वाटणीपत्राने माझ्या दिवंगत पतीला आणि त्यांच्या पश्चात मला मिळाली. पूर्वी हे एकच मोठं दुकान होतं. दोघे भाऊ मिळून चालवत. पुढे दोघांचं पटेना, मध्ये भिंत आली. पलीकडे भावजी, अलीकडे आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा मला टोपी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. नवऱ्याने शिकवलं. मऊ स्वभावाचा माणूस, कामात मात्र कडक. वाफेने टोपीचं लोकरी फेल्ट कधी ढिलं पडतं, ते हाताला कळलं पाहिजे, असं म्हणायचा आणि माझा हात धरून वाफेत न्यायचा. भाजायचं. मी हात मागे घेतला नाही, याचं त्याला कौतुक होतं.

तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मूल नव्हतं. त्याला जाऊन आठवडा होतो न होतो तोच भावजी हातगाडी घेऊन दारात आले. सोबत दोन हमाल. आमच्याकडच्या टोप्यांचे सगळे लाकडी ठोकळे त्यांनी गाडीवर चढवायला लावले. ज्याला हा धंदा ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते: डोक्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा असतो, ओलं तापलेलं फेल्ट त्यावर ओढून बसवायचं, कडेने दोरी आवळायची, बारीक खिळे मारायचे आणि वाळू द्यायचं. ठोकळा नाही तर टोपी नाही.

"ठोकळे आमच्या वडिलांनी करवून घेतलेत," भावजी म्हणाले. "घराण्याचे आहेत. हे बघ धाकटे, तू आता पलीकडे राहायला ये. तुझ्या जावेला मदत होईल. दोन वेळचं सुखाने जेव. या जागेचं मी बघतो."

"आणि मी नाही आले तर?"

"मग काय करशील? हवेवर टोप्या करशील?"

हमाल हसले. हे वाक्य मी शब्दन् शब्द लिहिलं आहे, कारण त्याच वाक्याचं मी आयुष्यभर खाल्लं.

दोन. फुगा. आज बरेच जण सांगतात की ही कल्पना त्यांची, किंवा त्यांच्या वडिलांची. अलीकडेच टोप्यांची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्याची माणसं चौकशीला आली होती, तेव्हा पुतण्याने त्यांना सांगितलं की फुग्यावर टोपी घडवणं हा आमच्या घराण्याचा शोध आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते. वकील म्हणाले, मृत्युपत्रात याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.

ठोकळे गेल्यावर काही दिवस मी रिकाम्या दुकानात बसून राहिले. मग उशा भरल्या, वाळूच्या पिशव्या भरल्या, भोपळा कोरून पाहिला. सगळं वाफेत बसायचं किंवा फुटायचं. समोर सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. त्याला सगळे पंक्चरवाला म्हणत, मीही तेच म्हणते. एके दिवशी तो एका पोराच्या फुटबॉलचं आतलं रबरी ब्लॅडर कातडी खोळीत घालून हवा भरत होता. खोळ जशी शिवली होती तसा चेंडू होत गेला. मी उठून गेले आणि म्हटलं, "हे मला डोक्याच्या आकाराचं करून द्याल का?"

तो वर न बघता म्हणाला, "कुणाच्या डोक्याच्या?"

हा प्रश्न भावजींच्या घराण्यात तोवर कुणी विचारला नव्हता. ठोकळ्यांना नंबर असत, गिऱ्हाइकाला जवळचा नंबर घ्यावा लागे.

पहिला फुगा गोल झाला, त्यावरची टोपी पातेल्यासारखी दिसत होती. दुसरा वाफेने तापला, रबर चिकटवायचं सोल्युशन सुटलं आणि असा फुटला की शेजारपाजारचे धावत आले. पलीकडून भावजीही आले, आत डोकावले आणि परत गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलं. त्या दिवशी मला रडू यायला हवं होतं, पण पंक्चरवाला कपाळाला चिकटलेला रबराचा तुकडा काढत इतक्या गंभीरपणे म्हणाला, "बाई, जोड गरम करून बसवायला हवा," की मला हसू आलं.

मग मी जाड कापडाची लांबट खोळ शिवली, पुढे निमुळती, मागे रुंद. खाली लाकडी पाट बसवला, म्हणजे हवा खाली न पळता वर आणि बाजूंना रेटते. त्याने आतल्या रबराचे कप्पे केले, पुढचा, मागचा, डावा, उजवा, आणि प्रत्येकाला आपापला व्हॉल्व. टोपीच्या आत फुगा घालायचा, वाफ द्यायची, आणि ज्या बाजूला डोकं जास्त असेल त्या बाजूला जास्त हवा भरायची. बाहेरून दोरी पुरते, खिळे लागत नाहीत. टोपी वाळेपर्यंत हवा मधूनमधून तपासायची, कारण गार होताना ती उतरते.

एवढंच आहे. हे मी मुद्दाम उघड लिहिलं आहे. हे मृत्युपत्र वाचून कुणाला असा फुगा करायचा असेल तर त्याने तो खुशाल करावा, विकावा, सुधारावा. कारखान्यानेही करावा. फक्त तो एकट्याचा आहे असं कुणी म्हणू नये, आणि माझ्या सासरच्या घराण्याचा आहे असं तर मुळीच म्हणू नये. तो एका पंक्चरवाल्याने आणि एका विधवेने केला.

तीन. दुकानाची जागा, शिलाई मशीन, वाफेची भांडी, कात्र्या, चार कप्प्यांचे सगळे फुगे आणि गिऱ्हाइकं, हे सर्व मी जिला आम्ही छापखानेवाली म्हणतो तिला देत आहे. गिऱ्हाइकं देता येत नाहीत असं वकील म्हणाले. ती जातील कुठे?

ती माझी कोणी नाही, हा पुतण्याचा मुख्य आक्षेप आहे. ती कोण आहे ते लिहिते. छापखान्यात कागदाच्या घड्या घालायच्या कामावर होती. वरच्या फळीवरून कागदाचा गठ्ठा डोक्यात पडला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण कवटीची उजवी बाजू आत गेली आणि तिथे केस आले नाहीत. आधी ती पलीकडे भावजींच्या दुकानात गेली होती. त्यांनी मापाला सगळ्यात जवळची टोपी घेऊन आत कागद कोंबला. ती टोपी हातात घेऊन ती माझ्याकडे आली, डोक्याला रुमाल गुंडाळलेला.

"मला झाकण नकोय," ती म्हणाली. "टोपी हवीय."

मी तिला रुमाल काढायला सांगितलं. बराच वेळ तिने काढला नाही. मी वाफेचं भांडं चढवलं, फेल्ट भिजवलं, माझं काम करत राहिले. मग तिने स्वतःच काढला. मी उजव्या कप्प्यातली हवा थोडी थोडी सोडत गेले आणि दर वेळी हाताने तिचं डोकं आणि फुगा चाचपून पाहिला. संध्याकाळी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती आरशात पाहत नव्हती, मान हलवून पाहत होती. उजवीकडे, डावीकडे, खाली वाकून. टोपी हलली नाही.

आठवड्याने ती परत आली. मला वाटलं, काही बिघडलं.

"मावशी, कामाला ठेवता?"

"सुई धरता येते?"

"नाही. पण घडी कुणाहीपेक्षा सरळ घालते."

तेव्हापासून ती इथे आहे. आज तिचा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे, हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेलं नाही, कारण मग ती सांगेल तेच ऐकावं लागलं असतं. भांडण आमचं रोज होतं. ती काठ रुंद ठेवते, मला अरुंद आवडतात. माझ्यामागे तिने काठ हवे तेवढे रुंद ठेवावेत.

चार. माडीवरच्या दोन खोल्या पंक्चरवाल्यांना हयातभर राहण्यासाठी. त्यांच्यानंतर त्या छापखानेवालीच्या. त्यांचं दुकान आणि खोली असलेली इमारत पाडायची ठरली आहे आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाने खोली शोधत फिरणं मला मान्य नाही. जिना उभा आहे, म्हणून कठडा करून घेतला आहे. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, ती हलवू नये.

यावरून लोक बोलतील. बोलायला त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहिलेली नाही. फुग्याचं काम सुरू झालं त्याच वर्षी सुरुवात झाली होती. एकदा पंप मारता मारता पंक्चरवाले म्हणाले, "बाई, आपण लग्न करायचं का?"

"कशासाठी?"

"लोक बोलतात."

"लोक बोलतात म्हणून करायचं, तर लोकांशीच करावं लागेल."

ते हसले आणि पुन्हा पंप मारायला लागले. त्यानंतर आजवर रोज संध्याकाळी दुकान बंद करून ते इकडे येतात, चहा होतो, व्हॉल्व तपासून होतात, आणि ते आपल्या खोलीवर जातात. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं, आणि लोकांचं नाव काढलं नसतं, तर मी हो म्हणाले असते. हे त्यांनी इथेच वाचावं. मी असताना वाचलं तर दोघांनाही अवघड होईल.

पाच. बँकेत जे काही असेल त्यातून ज्यांचे इलाजापायी केस गेले आहेत आणि ज्यांना टोपी परवडत नाही, त्यांना टोप्या करून द्याव्यात. मात्र त्या उरल्यासुरल्या फेल्टच्या नकोत. दुकानात जे सगळ्यात चांगलं असेल ते वापरावं.

सहा. पलीकडच्या दुकानाच्या काचेच्या कपाटात एक करडी टोपी ठेवलेली आहे. खाली चिठ्ठी आहे: 'वडिलांची टोपी, पारंपरिक लाकडी ठोकळ्यावर हाताने घडवलेली.' ती टोपी मी केली आहे.

भावजींच्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षीची गोष्ट. इतक्या वर्षांत त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी पुतण्याचा हात धरून आले, खुर्चीत बसले आणि डोक्यावरची शाल काढली. डावीकडे सूज होती, मागे खोलगट झालं होतं.

"धाकटे," ते म्हणाले, "आमच्यातली एकही बसत नाही."

"नाहीच बसणार," मी म्हटलं.

छापखानेवाली माझ्याकडे बघत होती. मी काय करते ते तिला बघायचं होतं. मलाही. मी मापाची फीत घेतली. फुग्याची हवा त्यांच्यासमोरच भरली, आडपडदा ठेवला नाही. दोन दिवसांनी ते परत आले. टोपी घातली. आरशात बराच वेळ पाहिलं.

"फुग्यावर केलीस?"

"फुग्यावर."

त्यांनी मान हलवली आणि उठले. माफी मागितली नाही. ठोकळ्यांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी त्यांना क्षमा केली असं पुष्कळ जण समजतात, तर तो गैरसमज इथे दूर करते. क्षमा केली नाही, टोपी केली. जाईपर्यंत ते तीच घालून फिरत होते, आणि त्याचं मला बरं वाटायचं. ही गोष्ट वेगळी, ती वेगळी.

ती टोपी मला परत नको. पण चिठ्ठी खोटी आहे. ज्याला शंका असेल त्याने टोपीचा काठ उलटून पाहावा, खिळ्याचं एकही भोक सापडणार नाही. पुतण्याने चिठ्ठी बदलावी, नाही तर टोपी कपाटातून काढून कुणाच्या तरी डोक्यावर घालावी. टोपी त्यासाठीच असते.

सात. पुतण्याला. दुकानावरची जुनी पाटी वाटणी झाली तरी कुणी बदलली नाही. तिच्यावर सासऱ्यांचं नाव आहे आणि पुढे 'आणि मुलगे'. त्यांचा एक मुलगा मला हवेवर सोडून गेला आणि दुसऱ्याने हवेची चेष्टा केली. ही पाटी सुताराकडून नीट उतरवून, पुसून, कापडात गुंडाळून पुतण्याला द्यावी. त्याला घराण्याचा अभिमान आहे, त्याच्या भिंतीवर ती शोभेल. मधली भिंत पाडून दोन्ही दुकानं एक करायचा त्याचा विचार मात्र त्याने सोडून द्यावा. भिंतीची अलीकडची बाजू छापखानेवालीची आहे आणि ती भांडायला माझ्यापेक्षा खमकी आहे.

त्याला लहानपणी मी कडेवर घेतलेलं आहे. गोड पोर होतं. माझ्या दुकानात येऊन फुग्यांना कान लावून बसायचं. बापाने एकदा ओढून नेलं, मग आलं नाही. त्याच्याशी माझं वैर नाही. तो हा कागद कोर्टात घेऊन गेला तरी नाही. पण त्याने जावं कशाला? आयुष्यभर मी लोकांना टोप्या घातल्या, टोपी मात्र कुणाला घातली नाही. हा कागदही तसाच सरळ आहे.

आठ. मी जाईन त्या दिवशी दुकान बंद ठेवू नये. त्या दिवशी एखादी टोपी फुग्यावर चढवलेली असेल, तर तिची हवा वेळेवर तपासावी. शोक करायचा असेल त्याने हाताने काम करता करता करावा. भाषणं नकोत, आणि 'बिचारी एकटीच होती' असं कोणी म्हणू लागलं, तर पंक्चरवाल्यांनी त्याला दार दाखवावं.

नऊ. शेवटची इच्छा. एवढ्या वर्षांत मी स्वतःसाठी टोपी केली नाही. वेळच झाला नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं म्हणजे सुचलंच नाही. म्हणून या कलमात मी असं लिहिलं होतं की मला निरोप देताना माझ्या डोक्यावर छापखानेवालीच्या हातची टोपी असावी, रंग गडद निळा, काठ अरुंद.

मसुदा तिला वाचून दाखवला. बाकी सगळं ती खाली मान घालून ऐकत होती. हे कलम आलं तशी उठली, फीत आणली आणि माझं डोकं मोजायला लागली.

"अगं, आत्ता कशाला?"

"मरायची वाट कशाला बघायची, मावशी? थंडी आत्ता पडलीय."

टोपी काल संध्याकाळी झाली. निळी आहे. काठ रुंद आहे. बसते मात्र अशी, की घातल्याचं विसरायला होतं. म्हणून शेवटच्या इच्छेचं हे कलम मी रद्द करते, आणि ती टोपी घालूनच खाली सही करते.

स्थळ: दुकानाची मागची खोली, कामाचं टेबल.
तारीख: नऊ नोव्हेंबर, रविवार, सकाळी.

लिहून ठेवणार : (सही) टोपीवाली

वरील मजकूर बाईंनी स्वतः मोठ्याने वाचला आणि आम्हा दोघांच्या देखत सही केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. (सही) कोपऱ्यावरचा शिंपी
२. (सही) पोस्टातल्या निवृत्त कारकून बाई